महिपत पोस्टमनची तहान

१९३४ सालच्या मार्चमध्ये एके दुपारी सव्वाबारा वाजता, मालगुंडकडच्या वाड्यांत टपाल वाटणाऱ्या महिपत पोस्टमनने मैनाच्या पडवीत बसून पाण्याचा तिसरा तांब्या मागितला.

“विहीरच आणून ठेवू काय पडवीत?” मैना म्हणाली.

“ऊन आहे गो.”

“ऊन सगळ्यांनाच. सदरा तेवढा तुमचाच ढिला झालाय.” तिने तांब्या पुढे केला. “महिपतदा, बोलू नये, पण बोलते. तुम्ही बांधाकडं जाऊन येता, तिथं मुंगळे लागतात. आमच्या मामंजींचं असंच. आधी तहान, मग पायाचा अंगठा.”

“अंगठ्याचं काय?”

“काळा पडला. पुढचं नाय सांगत.”

महिपतने पाय मागे घेतला. वहाणेने लागलेली अंगठ्याची जखम दीड महिना ओली होती. पाकिटांवरची अक्षरेही अलीकडे पुसट दिसत. त्याचे वय सत्तेचाळीस. सगळे त्याने वयावर ढकलले होते.

रविवारी तो रत्नागिरीला गेला. डॉक्टरांनी त्याची लघवी निळ्या औषधात घालून उकळली. विटेसारखा रंग आला. मधुमेह. गूळ-साखर बंद, भात मोजका, चालणे बंद. रोज इंजेक्शन, आणि त्यासाठी शहरात मुक्काम.

म्हणजे फेरी सुटणार. बायको, मालन, चार वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा केरू मुंबईला गोदीत. त्याचे पत्र दिवाळीला येई. संध्याकाळी खोलीत शिरल्यापासून सकाळी पिशवी खांद्याला लावेपर्यंत महिपतशी कुणी बोलत नसे. बोलणे काय ते फेरीवरच्या अकरा पडव्यांत. प्रत्येक पडवीत पाण्याबरोबर गुळाचा खडा येई, आणि तो परत करणे म्हणजे त्या घरालाच नको म्हणणे.

सोमवारी तो फेरीवर निघाला. कुणाला काही सांगितले नाही. पाणी प्यायचे, आणि खडा नजर चुकवून टपालाच्या पिशवीत टाकायचा. नऊ फेऱ्या निभावल्या. दहाव्या फेरीला, गुरुवारी, एका घरी चिकट पाकिटातून मुंग्या निघाल्या आणि तक्रार झाली.

“पिशवीत काय नेतोस रे, मोदक?” पोस्टमास्तर आप्पांनी विचारले.

“गूळ.”

“तोंड नाही तुला?”

 आप्पांचे लक्ष त्याच्या पायाकडे गेले. वहाण डागाळली होती.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. चालू नको म्हणाला.”

“आणि तू रोज आठ मैल चालतोयस.”

आप्पांनी पिशवी काढून घेतली. रजेचा अर्ज स्वतः लिहिला. महिपतने सही केली. शुक्रवारी पहिल्या मोटारीने रत्नागिरीला जायचे ठरले.

त्या मोटारीत तो नव्हता. दवाखान्यातही पोचला नाही. खोलीला कुलूप होते. शुक्रवारी त्याच्या जागी फेरीवर गेलेल्या माणसाला वाटेतल्या घरांनी सांगितले, की महिपत सकाळीच येऊन, पडवीत बसून, पाणी पिऊन गेला. खांद्याला पिशवी नव्हती. शेवटी तो मैनाकडे दिसला. तिने त्याला नुसते पाणी दिले, गूळ दिला नाही. तो कोणत्या वाटेने गेला, हे तिने पाहिले नाही.

शनिवारी आप्पांनी केरूला तार केली. रविवारी दुपारपर्यंत उत्तर आले नव्हते.