माथेरानच्या यादीतलं नाव

त्या वर्षी सव्वीस जानेवारी शनिवारी आली आणि पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातल्या लोकांना सलग दोन दिवसांची सुटी मिळाली. बाटल्या धुण्याच्या खात्यात ठरलं, की या खेपेला घरच्या माणसांना घेऊन कुठंतरी जाऊन यायचं. कुणी कार्ल्याची लेणी म्हणालं, कुणी आळंदी. तेव्हा ज्योतीराम म्हणाला, "माथेरानला जाऊ. साहेब लोकांनी डोंगराच्या डोक्यावर वसवलेलं गाव आहे. औषधालाही एक मोटार नाही. आणि वाटाड्या आपल्या घरचाच. आमचे आबा सात वर्षं तिथं रिक्षा ओढत होते."

लोकांना ते पटलं. हेडक्लार्क लक्ष्मणरावांनी कागद काढून यादी करायला घेतली, आणि पहिलंच नाव लिहिलं ते ज्योतीरामच्या वडिलांचं, दौलतरावांचं.

पहिली पाळी संपवून, नदी ओलांडून ज्योतीराम काळेवाडीला घरी आला तेव्हा दौलतराव अंगणात दोर वळत बसले होते. पोरानं हरखून सगळं सांगितलं. दौलतरावांचे हात थांबले.

"माथेरान कशाला?" ते म्हणाले. "तिथं बगण्यासारखं काय हाय? माकडं आन लाल धुरळा."

"आबा, तुम्हीच तर सांगायचा. इंग्रजांचे बंगले, त्यांचं देऊळ, ते तळं…"

"तवा सांगितलं आसंल. माजं गुडघं दुखत्यात. मला न्हाई जमायचं."

आतून ज्योतीरामची आई शालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अवं, काल तर डोईवर कडब्याचा भारा घिऊन आला शेतातनं. गुडघं कवापासनं दुखाया लागलं?"

दौलतरावांनी दोर पुन्हा वळायला घेतला, पण पीळ काही नीट बसेना.

माथेरानच्या रिक्षा म्हणजे माणसांनी ओढायच्या गाड्या. एक गडी पुढं दांड्यांत उभा राहायचा आणि दोघं मागं. चढावर मागच्यांनी रेटायचं, उतारावर ओढून धरायचं. तरुणपणी दौलतराव दसरा झाला की कांबळं खांद्यावर टाकून तिकडं निघायचे आणि पाऊस तोंडावर आला की परतायचे. मध्ये शिमग्याला चार दिवस घरी येऊन जायचे. बरोबर शेजारचा चिमाजी असे; गावातलं तिसरं कुणी तिकडं जात नसे. चिमाजी वर्षानं मोठा, अंगानं दणकट. पुढच्या दांड्यांत तोच असायचा. अठरा वर्षांमागं शिमगा होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच दौलतराव एकटेच परत आले. हातात मडकं होतं. चिमाजी तापानं गेला, दोन दिवसांत आटोपलं, अग्नी तिथंच द्यावा लागला, असं त्यांनी सांगितलं. मडक्यातल्या अस्थी पवनेत सोडल्या. त्यानंतर दौलतराव माथेरानला गेले नाहीत. सोबती गेला म्हणून जिवाला लागलं असेल, असं गाव समजलं आणि त्यांना दोन शब्द चांगलेच बोललं.

चिमाजीची बायको अंबूबाई मागं एकटी राहिली, तेव्हा तान्ही असलेली छबू घेऊन. छबू वाढली, चाकणला दिली. अंबूबाई अजून त्याच घरात, मधल्या कुडाच्या पलीकडे.

सहलीची बातमी कुडापलीकडे जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबूबाई आल्या आणि उंबऱ्याशी टेकल्या.

"ज्योती, तुमच्या त्या यादीत माजं नाव बसंल का रं?"

"तुम्ही येणार, काकी?" ज्योतीरामला आनंदच झाला. "बसवतो की. घरचीच माणसं तुम्ही."

"मला दुसरं काय बगायचं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. बोलताना त्यांनी दौलतरावांकडं पाहिलं. "भावजी हायेत बरूबर. जिथं त्येन्ला ठिवलं ती जागा त्येवडी दाखिवतील. तिथं वाईच बसीन आन यीन."

दौलतरावांनी मान हलवली. व्हय म्हणून हलवली की न्हाई म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पुढचे आठ दिवस घरात माथेरानशिवाय विषय नव्हता. शालनबाईंनी धपाट्यांचं पीठ दळून ठेवलं. ज्योतीराम रोज नवीन काहीतरी विचारायचा. नेरळहून ती छोटी गाडी चढायला किती वेळ घेते? थंडी किती असते? धर्मशाळा बाजारापासून लांब आहे का? दौलतराव एका शब्दात उत्तर द्यायचे. विचारणाऱ्याला कुठं काय माहीत, की प्रत्येक नावासरशी त्यांच्या डोळ्यांपुढं एकच वळण येत होतं. डावीकडं दरी, उजवीकडं जांभळीचं झाड आणि मध्ये खाली उतरणारी लाल मुरमाची वाट.

त्यांनी लोणावळा सुचवून पाहिला. देहूरोडला एक चुलतभाऊ आजारी आहे म्हणून सांगून पाहिलं. काही चालेना. शेवटी एका दुपारी ते धुतलेलं धोतर नेसून कारखान्याच्या फाटकाशी गेले आणि लक्ष्मणरावांना बाहेर बोलावलं.

"साहेब, आमच्या शेजारच्या अंबूबाई हायेत ना, त्येन्ला दम्याचा तरास हाय. डोंगर झेपायचा न्हाई. बाईमाणूस भिडंपायी बोलत न्हाई. त्यांचं नाव तेवढं काडा."

लक्ष्मणराव भला माणूस. "बरं झालं सांगितलंत," म्हणून त्यानं नावावर रेघ ओढली. "आणि तुमचं?"

"माजंबी काडा. त्या एकल्या कशा राहतील?"

परत येताना नदीच्या पुलावर दौलतराव जरा थांबले. अठरा वर्षांपूर्वी एक खोटं बोललो, आणि आज आणखी एक. पहिलं बोलताना जीभ अडखळली होती. आज अडखळलीसुद्धा नाही, याचीच त्यांना भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी ते मळ्यात कांदे खुरपत होते. ऊन डोक्यावर आलं होतं. बांधावरून अंबूबाई तरातरा येताना दिसल्या. त्यांना दमा नव्हता हे कुणालाही दिसलं असतं.

"माजं नाव कुणी खोडलं, भावजी?"

दौलतराव उठून उभे राहिले. "वैनी, चढ लई अवघाड हाय. तुमाला झेपायचा…"

"म्या रोज नदीवरनं दोन हंडं आणती. मला कशाचा दमा? ज्योतीला त्या क्लार्कानं सांगितलं, त्यो बिचारा माज्याकडं इचारत आला, काकी, औषध चालू हाय का म्हणून." त्यांचा आवाज चढला होता, तो एकदम खाली आला. "मी हवा खायाला न्हाई चालले, भावजी. मला त्येंची माफी मागायची हाय."

"माफी? तुमी? कशापायी?"

अंबूबाई बांधावरच बसल्या.

"तुमाला ठावं न्हाई. कुणालाच ठावं न्हाई. त्या साली शिमग्याला घरी आले, तवा त्येंच्या अंगात बारीक तापाची कसर हुती. म्हणले, अंबे, चार दिस पडून ऱ्हातो. मी म्हणलं, दौलतभावजी उद्या निघत्यात, मागनं एकलं कसं जाल? जावा. मीच कांबळं खांद्यावर टाकलं त्येंच्या. त्ये गेले आन तिकडं तापानं संपले. सासू मरायला टेकली तवा तिनं इचारलं, 'गं, माजा चिमा जाताना बरा हुता न्हवं?' मी व्हय म्हणलं. अठरा वर्सं ह्ये पोटात घिऊन बसलीय मी. माज्या हातानं लोटलं मी त्येन्ला."

दौलतरावांनी खुरपं बांधावर ठेवलं. अठरा वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की खोटं बोललो तर बोललो, कुणाचं काय बिघडलं? मेलेला माणूस काही परत येत नाही. आणि कुडाच्या पलीकडे ही बाई रोज चूल पेटवत होती, त्यांच्या सणावाराला पुरणाचं ताट घेऊन येत होती, आणि नवऱ्याच्या मरणाचं पाप आपलंच समजत होती.

"वैनी," ते म्हणाले, "चिमाजी तापानं न्हाई गेला."

अंबूबाईंनी वर पाहिलं.

"शिमग्याची कसर दोन दिसात गेली हुती. चांगला हिंडत-फिरत हुता. त्या दिशी मुंबैचा एक पाव्हणा रिक्षात हुता, त्येला गाडी गाठायची घाई. उतार हुता. चिमाजी पुढं, मी आन कर्जतकडचा एक गडी मागं. आमी दोघांनी वढून धरायचं. मुरमावर माजा पाय सरकला. समूर दरी दिसली." त्यांनी आपले तळवे पाहिले. "मी हात सोडलं."

"सुटले?"

हाच शब्द दौलतराव अठरा वर्षं मनाशी घोळवत आले होते. सुटले. तो म्हणायला सोपा होता.

"न्हाई. सोडलं. त्या दुसऱ्या गड्यानं सोडलं न्हाई. त्यो फरपटत गेला, त्येचं गुडघं हाडापतूर सोललं, पर त्यानं सोडलं न्हाई. एकल्यानं काय थांबणार? गाडी चिमाजीच्या अंगावरनं गेली आन जांभळीवर आदळली. पाव्हण्याचा हात मोडला. मी धरलं असतं तर थांबली असती."

वाऱ्यानं शेजारचा जोंधळा सळसळला.

"लगी गेले?" अंबूबाईंनी विचारलं.

"न्हाई. दिवस मावळंपतूर हुता."

"काय बोलले?"

"पाणी मागितलं. छबूचं नाव घेतलं."

"आन माजं?"

दौलतरावांना वाटलं, एवढं तरी द्यावं हिला. एका शब्दानं काय होतंय? पण तोंड उघडलं तेव्हा शब्द वेगळाच आला. "न्हाई, वैनी."

अंबूबाई हळूहळू उठल्या. लुगड्याची माती झटकली. आता शिव्या देतील, हंबरडा फोडतील, असं दौलतरावांना वाटत होतं, आणि ते झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण त्या म्हणाल्या, "माज्या दारात बसून रडला हुता तुमी. मी माजं रडू आवरून तुमाला पाणी दिलं हुतं." मग पाठ फिरवून चालू लागल्या. दहा पावलांवर थांबल्या आणि मागं न बघताच बोलल्या, "त्या कागदावर माजं नाव परत घालाया सांगा. तुमचंबी. जागा तुमीच दाखवायची."

शनिवारी उजाडताना चिंचवड स्टेशनावर चाळीसेक माणसं जमली होती. थर्मास कुणाकडंच नव्हता. चहाची किटली फडक्यात गुंडाळून आणली होती. पोरांनी कानटोप्या घातल्या होत्या, बायकांच्या हातात गाठोडी होती. ज्योतीराम डोकी मोजत इकडून तिकडं पळत होता. गाडीत अंबूबाई शालनबाईंशेजारी बायकांत बसल्या. दौलतराव दाराशी उभे राहिले. घाटात बोगदे आले तशी पोरं ओरडली, कुणीतरी भजन धरलं. शालनबाईंनी दोनदा दौलतरावांना खायला बोलावलं, ते गेले नाहीत.

नेरळला छोट्या गाडीत बसून दुपारी मंडळी माथेरानला पोचली. बाजार तसाच होता, घोडे तसेच. साहेबांच्या बंगल्यांना आता मुंबईच्या शेठ लोकांच्या पाट्या लागल्या होत्या. लोकांनी दौलतरावांना घेरलं, "बोला, आधी कुठला पॉइंट?" तेव्हा ते म्हणाले, "तुमी तळ्याकडं व्हा फुडं. सरळ वाट हाय. मला अंबूवैनींबरूबर एक काम हाय."

दोघं निघाले. दौलतराव पुढं, अंबूबाई दहा पावलं मागं. आबांचा चेहरा बघून ज्योतीरामला राहवेना, तोही अंतर ठेवून मागं आला.

वळणावर दरीच्या बाजूनं आता दगडी कठडा बांधला होता. जांभळ जास्त जाड झाली होती.

"हितं," दौलतराव म्हणाले. "आन जाळलं तिकडं, त्या टेकाडाच्या मागं. आता झाडी वाढलीय."

"मी बसती वाईच. तुमी तिकडं जावा."

दौलतराव कठड्याशी जाऊन उभे राहिले. ज्योतीराम जवळ आला आणि त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "आबा, चिमाकाका तापानं गेले ना? मग काकी रस्त्यात का बसल्यात?"

दौलतरावांनी पोराला सगळं सांगितलं. मळ्यात सांगितलं होतं तसंच, सोडलं हा शब्द न गाळता. बापाच्या वाटाडेपणाचा इतके दिवस अभिमान मिरवणारा तो पोरगा खाली मान घालून ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर बापाकडं न बघताच तो जाऊन अंबूबाईंपासून थोड्या अंतरावर मातीत बसला, आणि त्या उठेपर्यंत बसून राहिला.

रात्री धर्मशाळेत आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत ज्योतीराम कामापुरतं बोलत होता. घरी आल्यावर त्यानंच शालनबाईंना सांगितलं. त्या चुलीपाशी बसून रडल्या, आणि मग उठून कुडाच्या फटीतून अंबूबाईंना हाक मारली. पलीकडून ओ आली नाही.

आठवड्यानं छबू चाकणहून आली. कडेवर मूल, पायात धूळ. आईच्या घरात न शिरता ती सरळ दौलतरावांच्या अंगणात आली. मागं अंबूबाई होत्या. शेजारपाजारचे दोघंतिघं काय झालं म्हणून दाराशी आले.

"काका," छबू म्हणाली, "आईनं सांगितलं. पर मला तुमच्या तोंडून ऐकायचं हाय. पैल्यापासनं."

शालनबाईंनी तिच्याकडून मूल घेतलं. ज्योतीराम खांबाला टेकून उभा राहिला. दौलतरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं, जमलेल्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं, आणि त्या दिवशी सकाळी चिमाजीनं त्यांना झोपेतून कसं उठवलं, तिथून सांगायला सुरुवात केली.