टॅन्सीचं तिसरं नाव

रेल्वेच्या मिलगारा थांब्याला डोंगर नव्हता, नदी नव्हती, सावली धरावी असं झाडही नव्हतं. रुळांची एक सरळ रेघ, पाण्याची टाकी आणि रुळांची देखभाल करणाऱ्या माणसांची चार पत्र्याची घरं, एवढाच कारभार. उत्तरेला बरंच चालून गेलं की बुटक्या बाभळींची एक रांग लागायची. दुपारी ऊन चढलं की ती रांग जमिनीवरून सुटायची आणि हवेत तरंगत राहायची, खाली नुसतं चकाकणारं पाणी. पाणी अर्थातच नव्हतं. पण शहरातल्या संग्रहालयात पाखरांचं काम करणारा एनॉक पेडलर तीन आठवडे त्या तरंगत्या झाडांच्या मागे फिरत होता आणि आता त्याला खरं कुठलं नि खोटं कुठलं याची फारशी फिकीरही उरली नव्हती.

त्याला हवा होता एक पोपट. निळ्या तोंडाचे पोपट पूर्वेकडे पुष्कळ होते आणि शास्त्रात त्यांना दोन शब्दांचं नावही होतं. पण इथले जरा निराळे. कपाळावरची निळाई हिरवटाकडे झुकलेली, शेपटीखाली तांबडं जास्त. जात तीच, पोटजात वेगळी, अशी एनॉकची खात्री झाली होती. त्या दोन शब्दांना तिसरा शब्द जोडला की ही पोटजात शास्त्राच्या यादीत कायमची बसणार होती, आणि जोडणारा म्हणून एनॉकचंही नाव तिच्यामागे लागणार होतं. पन्नाशी उलटेपर्यंत त्याने दुसऱ्यांच्या शोधांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या. हा एक शोध त्याचा स्वतःचा होता.

अडचण एकच. डोळ्यांनी पाहिलेल्या पाखराला शास्त्रात काडीची किंमत नसते. त्यासाठी एक पाखरू मरावं लागतं. त्याच्या कातडीत कापूस भरून ती संग्रहालयाच्या खणात उताणी ठेवावी लागते. मग नाव त्या कातडीचं होतं आणि तिच्यामागून रानातल्या साऱ्या भाईबंदांचं. इथल्या मूळच्या लोकांनी या पोपटाला केव्हाचंच नाव दिलेलं होतं, त्यासाठी कुणाला मारावं लागलं नव्हतं. पण ते विचारावं असं एनॉकच्या मनात कधी आलं नाही.

तिसरा शब्दही ठरलेला होता. प्रवासाचा खर्च हार्कनेस नावाच्या मेंढ्यांच्या मोठ्या मालकाने उचलला होता आणि त्याच्या बायकोचं नाव पोपटाला द्यायचं होतं. ज्याचं मीठ खावं त्याचं नाव पाखराला द्यावं, ही त्या धंद्यातली जुनी रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पोपट मात्र बंदुकीच्या टप्प्यात येत नव्हते. झाडांत निळं काही हलायचं, एनॉक पाऊल उचलायचा, आणि मागे नुसती फांदी डोलत राहायची.

अशाच एका दुपारी तो पाणी मागायला एफी रॉडाच्या घरात शिरला. एफीचा नवरा क्लेम रुळांवरच्या टोळीचा मुकादम. स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर, काकवीत बुडवलेला पावाचा तुकडा एका पायात धरून, तोच पोपट बसला होता. मादी. कपाळ हिरवट निळं, शेपटीखाली तांबडं. एनॉक पाणी मागायचं विसरला आणि समोरच्या बाकावर बसून राहिला.

"टॅन्सी," एफी म्हणाली. "क्लेमच्या माणसांनी झाड तोडलं तेव्हा ढोलीत सापडली. अंगावर पीस नव्हतं, नुसतं पोट आणि चोच."

त्यानंतर एनॉक रोज यायला लागला. टॅन्सी त्याच्या खांद्यावर बसायची, त्याचं बोट चोचीत धरून चाचपून पाहायची, चष्म्याची दांडी ओढायची. संध्याकाळी ओसरीवर बसून ती दोनच सुरांची साद घालायची, दुसरा सूर जरा वर जाणारा, पुढे काहीतरी विचारायचं राहिल्यासारखा. एफी आतून तसंच उत्तर द्यायची. मूलबाळ नसलेल्या त्या घरात दिवसाकाठी सर्वांत जास्त बोलणं या दोघींचंच होई.

मनातलं ओठावर आणायला एनॉकला दोन दिवस लागले. क्लेमने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "पाखरंवाले, बायकोकडे माझे दात मागा, आनंदाने उपटून देईल. टॅन्सीच्या वाटेला जाऊ नका." तरी त्याने विचारलं. अगदी हळू, डोकं खाली घालून, पण विचारलं.

एफी रागावली नाही. तिने हातातलं पीठ झटकलं.

"नाव मिळालं की काय होईल?"

"जगातल्या सगळ्या पुस्तकांत जाईल."

"टॅन्सी?"

"तिची पोटजात."

"तिला नाव आहे, मिस्टर पेडलर. हाक मारली की येते. तुमच्या पुस्तकातली येतात का हाक मारल्यावर?"

एनॉकने टोपी उचलली आणि टाकीच्या सावलीत जाऊन आडवा झाला. कान कोंडले होते, डोळे मिटल्यावरही ऊन दिसत होतं. त्याला स्वप्न पडलं की झाडांची ती रांग तरंगत तरंगत त्याच्या अंगावरून चालली आहे आणि फांद्यांतून निळे पोपट एकेक करून खाली उतरून त्याच्या छातीवर बसताहेत. त्यांना वजन नव्हतं. प्रत्येक जण वाकून आपलं नाव सांगत होता आणि त्याला काही केल्या ऐकू येत नव्हतं.

तो जागा झाला तेव्हा टॅन्सी ओसरीवर साद घालत होती. पडल्या पडल्याच त्याने कान दिला. मग लांबून, झाडांच्या बाजूने, तेच दोन सूर आले. स्वप्नाचं शेपूट असेल म्हणून तो हलला नाही. सूर पुन्हा आले.

एनॉकने एफीला सगळं नीट सांगितलं. टॅन्सीला पिंजऱ्यात घालून झाडांपाशी न्यायचं, तिने साद घातली की रानातले येतील, त्यांतला एक तो घेईल. टॅन्सीला धक्काही लागणार नाही. या माणसाला त्याचं पाखरू मिळावं असं एफीला वाटत होतं, आणि आपलं आपल्याकडे राहावं असंही. एका दगडात दोन्ही साधत होतं.

"पिंजरा मी धरीन," ती म्हणाली.

पहाटे दोघं निघाली. थंडी होती, गवतावर दव होतं आणि उजाडता उजाडता ती बाभळीची रांग कधी नव्हे ती जमिनीवर पाय टेकून उभी होती. एफीने पिंजरा एका वाळक्या खोडावर ठेवला आणि दोघं झुडपाआड बसली. टॅन्सीने मान वळवून पाहिलं, पिसं फुलवली आणि साद घातली.

ते आले. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. आवाज न करता, पान गळावं तसे खाली येत राहिले. सगळं झाड निळं झालं. हे आपण टाकीखाली पडूनच पाहतो आहोत असं एनॉकला खरोखर वाटलं. त्यांतला एक थेट पिंजऱ्यावर उतरला. त्याने गजांतून मान आत घातली आणि टॅन्सी त्याच्या कपाळावरची पिसं एकेक करून विंचरायला लागली. एफीने तोंडावर हात ठेवला. उभ्या जन्मात टॅन्सीने हे कुणाचंच केलं नव्हतं, करायला कुणी नव्हतंच.

मग तो पक्षी पिंजऱ्यावरून उडून हातभर अंतरावरच्या फांदीवर बसला. सर्वांत जवळचा, सर्वांत सुबक. एनॉकची बंदूक मोहरीएवढ्या छऱ्यांची होती, पिसं खराब होऊ नयेत अशी. त्याचा हात तीस वर्षांच्या सवयीने वर गेला. मन काही म्हणायच्या आत बार झाला.

झाड रिकामं झालं. टॅन्सी पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात चिकटून बसली होती.

कातडी सुरेख निघाली. एनॉकने ती एफीच्याच टेबलावर सोलली, दुसरीकडे सावली नव्हती. एफीने टेबल पुसून दिलं, चहा दिला. रुळांवरच्या घरांना चहा-साखर पुरवणारी गाडी यायला पाच दिवस होते. या पाच दिवसांत टॅन्सी खात होती, पीत होती, बोटावर येत होती. साद मात्र तिने घातली नाही. संध्याकाळी एफी ओसरीवर बसून स्वतःच ते दोन सूर काढायची आणि थांबायची. टॅन्सी तिच्याकडे नुसती पाहायची. क्लेमची थट्टाही बंद झाली.

गाडीपाशी एफी त्याला पोचवायला आली.

"तुम्हाला एकट्याला दोष देत नाही," ती म्हणाली. "पिंजरा मी धरला होता."

शहरात आल्यावर एनॉक संग्रहालयात वर्णन लिहायला बसला. कपाळ, पंख, शेपटी, सगळं झरझर उतरलं. तिसऱ्या शब्दाशी लेखणी अडली. हार्कनेसबाईंचं नाव लॅटिनच्या सोंगात केव्हाचं तयार होतं. ते त्याने लिहिलं नाही. त्याने लिहिलं 'व्होकॅन्स'. का, याची एक ओळही खाली जोडली नाही. शास्त्राचा नियम असा की एकदा छापलं ते नाव खुद्द ठेवणाऱ्यालाही बदलता येत नाही, आणि त्याला ते बदलायचंही नव्हतं.

हार्कनेस भडकला. त्यानंतर एनॉकला प्रवासाला कुणी पाठवलं नाही. उरलेली वर्षं तो तळघरात शिंपल्यांना चिठ्ठ्या बांधत राहिला. पुढे दुसरे लोक त्या बाभळींत जाऊन आले आणि त्यांनी छापलं की ही पोटजात तर सगळ्या भाऊबंदांत मुखदुर्बळ, हिच्या तोंडून चकार शब्द ऐकला नाही, पेडलरसाहेबांनी हे नाव कशाच्या भरात ठेवलं देव जाणे. संग्रहालयातली मंडळी जेवणाच्या सुट्टीत हसायची. म्हातारा उन्हात फिरला, भ्रम झाला असेल, म्हणायची. एनॉक आपलं सँडविच खात राहायचा.

खूप वर्षांनी बहिणीला भेटायला तो पश्चिमेकडे निघाला. मिलगाराला गाडी पाणी भरायला थांबली. घरं तशीच होती. एफी ओसरीवरून उठून रुळांपर्यंत आली. केस पांढरे झालेले, खांद्यावर टॅन्सी. एनॉकने खिडकीची काच खाली केली.

"आहे अजून," एफी म्हणाली.

"बोलते?"

"नाही."

टाकीतून इंजिनात पाणी पडत होतं. इंजिनापलीकडे बाभळीची रांग हवेत तरंगत होती.

"काय ठेवलंत नाव?" तिने विचारलं. "मालकिणीचं?"

"नाही. व्होकॅन्स."

"म्हणजे?"

"साद घालणारी."

एफीने मान वळवून खांद्यावरच्या पाखराकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

"म्हणजे पुस्तकात तरी बोलते," ती म्हणाली.

शिट्टी झाली. एनॉकने खिडकीतून हात बाहेर काढला. टॅन्सीने त्याचं बोट चोचीत धरून पूर्वीसारखंच चाचपून पाहिलं, सोडलं, आणि एफीच्या मानेशी तोंड खुपसून बसली. गाडी सुटली.