भट्टीचा बातमीदार

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. आता कापड पांघरून कोपऱ्यात बसलोय, पण सत्त्याऐंशी साली अंबडच्या एका कारखान्यात आलो तेव्हा माझा काय थाट होता! हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला आणि मला थेट भट्टी खात्यात नेऊन बसवलं.

तिथे लोखंडी चाकं तापवून कडक करत. भट्टी किती तापली ते बघायला तिथले कामगार पुंजाराम तिच्या तोंडाशी, तापमानाच्या काट्याला डोळे लावून उभे राहत. झळांनी डोळे लालबुंद होत. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर नजर जाईल. म्हणून कॉम्प्युटर विभागातल्या इंदिराबाईंनी प्रोग्रॅम लिहिला. तापमान मिनिटामिनिटाला कॉम्प्युटरने वाचायचं आणि मी लांब पंख्याखाली बसून छापायचं.

बाईंच्या पडद्यावर प्रोग्रॅम घडाघडा बोलला. माझ्याकडे वळवला आणि चिडीचूप! माझ्यापर्यंत शब्दच पोचेना, मी छापणार काय?

"का रे बाबा, नारळ घेतला अन् बोलत नाय?" पुंजारामांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मग बऱ्याच वेळाने सगळ्या शिळ्या बातम्या एकदम आल्या. मी खडखडाट करत हातभर कागद ओकला, पण तोवर भट्टी भलतीच तापली होती. मी पुन्हा गप्प झालो तसे साहेब वैतागले. त्यांनी प्रोग्रॅम मधेच बंद करायला लावला आणि वाटेत अडकलेल्या ओळी तिथेच विरल्या.

"उद्या चालला नाही तर हा भंगारात, आणि पुंजाराम, तुम्ही परत काट्यापाशी," साहेब म्हणाले. खरं सांगतो, मला भंगारापेक्षा त्या डोळ्यांची काळजी लागली.

इंदिराबाई डोकं धरून बसल्या. तेवढ्यात कॅन्टीनच्या भिमाबाई चहा घेऊन आल्या.

"अहो भिमाबाई, गारढोण झालाय हा!"

"ताई, ट्रे भरल्याबिगर मी निघत नाय. एकेका कपासाठी किती हेलपाटे मारू? कॅन्टीनमधी येऊन बसा, लगेच गरम देते."

बाई खुदकन हसल्या. "अहो, माझा प्रोग्रॅमही हेच करतोय!"

पडद्यासमोर माणूस बसलेला, म्हणून तिथे प्रोग्रॅम ओळ झाली की लगेच देई. माझ्याकडे पाठवताना मात्र हेलपाटे वाचवायला ओळी साठवून ठेवी आणि साठा भरला की मगच निघे. बाईंनी छापायच्या हुकमाखाली एकच हुकूम वाढवला: साठवू नकोस, असेल ते लगेच पाठव.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली आणि मी टकटक करत पहिली ओळ छापली. मिनिटाने दुसरी, मग तिसरी! पुंजारामांनी पंख्याखाली स्टूल ओढलं.

"ताई, बोलला! लय बोलतोय!" ते ओरडले. माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

मित्रांनो, कुणी गप्प दिसला तर त्याला मुका ठरवून भंगारात काढू नका. त्याचे शब्द कुठे अडलेत ते आधी बघा, आणि जमलं तर माझ्यावरची धूळही कधीतरी झटका. माझी तक्रार मात्र काही नाही. पुंजाराम निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी माझ्यावरचा कागद फाडून हातात घेतला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, चष्म्याशिवाय.