दात बघायचा दिवस

“सकाळपासून इतक्या गायींच्या पोटात हात घातला, पण माझ्या पोटात कुणी काही घालेल तर शपथ,” डॉक्टर फेरेयरा पुटपुटला. त्याचा डावा हात खांद्यापर्यंत एका काळ्या गायीच्या आत होता आणि गाल तिच्या पुठ्ठ्याला टेकलेला, त्यामुळे ही तक्रार फक्त निल्डाला ऐकू आली.

“माटे आणते,” ती म्हणाली. “आधी ही कशी आहे ते सांगा.”

“गाभण. तीन महिन्यांची. हिला विचारायचीसुद्धा गरज नव्हती.”

खोड्याच्या दुसऱ्या टोकाला निल्डाचा भाऊ अन्सेल्मो उभा होता. गायीची मान लोखंडी पट्ट्यांत अडकली की तो तिचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढायचा, पुढच्या दातांवर नजर टाकायचा आणि निकाल द्यायचा. दात चांगले असतील तर काही बोलायचं नाही. झिजून हिरड्यांना टेकले असतील तर तसं सांगायचं. दात गेलेली गाय आखूड गवत तोडू शकत नाही, हिवाळ्यात उभ्या उभ्या वाळते. त्यापेक्षा अंगावर मांस आहे तोवर ती विकलेली बरी. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं आणि या भागातली माणसं वाईट वाटून घेतही नसत. निदान जेवायला बसल्यावर तरी नाही.

“झिजलेली,” अन्सेल्मो म्हणाला. “काप.”

निल्डानं शेपटी हातात धरून कात्रीनं टोकाचा झुपका उडवला. उद्या ट्रक आला की झुपकेवाल्या गायी कुरणात जाणार आणि बिनझुपक्याच्या गाडीत. लांबूनही चूक व्हायला नको म्हणून ही खूण.

“गाभण आहे म्हणाले ना डॉक्टर?” कुंपणावर बसलेल्या काचोनं विचारलं. काचो त्यांचा गडी. गायींना गल्लीतून पुढे सरकवायचं काम त्याचं. “अशीला आपण एक शेवटचं वेत देतो की दर वर्षी. नदीकडच्या मऊ गवतात ठेवून.”

“या वर्षी नाही.”

“का?”

“तुला पगार गायी हाकायचा मिळतो की प्रश्न विचारायचा?”

“दोन्हींचा मिळून एवढाच मिळतो, मालक,” काचो म्हणाला आणि त्यानं पुढची गाय सरकवली.

निल्डा घरात जाऊन माटेचा, म्हणजे नळीनं ओढायच्या कडू पाल्याच्या चहाचा, तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली. येताना तिची नजर पलीकडच्या कुरणाकडे गेली. तिथे यंदाच्या कालवडी उभ्या होत्या, चकचकीत, बिनडोक, वाऱ्यानं कागद उडाला तरी सगळ्या मिळून पळणाऱ्या. दर वर्षी उन्हाळा संपता संपता त्यातल्या बऱ्याचशा बाजारात जायच्या. यंदा अन्सेल्मोनं एकही पाठवली नव्हती. तिनं कारण विचारलं तेव्हा भाव पडलाय म्हणाला होता. भाव पडला नव्हता. रेडिओ तीही ऐकत होती.

ती या घरात आली ती एका वसंतापुरती. अन्सेल्मोची बायको त्याला सोडून मार देल प्लाताला निघून गेली, त्याच सुमाराला घोड्यावरून पडून त्याचा खांदा निखळला, आणि पहिलारू गायी व्यायला टेकल्या होत्या. निल्डा एक सुटकेस घेऊन आली. तिचे हात लहान होते, अडलेलं वासरू फिरवायला बरे पडायचे. पहिलारू गायीला काही कळत नाही. ती घाबरते, वासरू अडकवून ठेवते, झालंच मोकळं तर त्याच्याकडे पाठ फिरवून चालू लागते. मग एकानं आत हात घालायचा, दुसऱ्यानं दोरी ओढायची. अन्सेल्मोचा खांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. सुटकेस कपाटावर गेली आणि तिच्यात हळूहळू हिवाळ्याची पांघरुणं राहू लागली.

म्हाताऱ्या गायींचं तसं नव्हतं. त्या संध्याकाळी कुठेतरी गायब व्हायच्या आणि सकाळी चाटून कोरडं केलेलं वासरू घेऊन हजर. कुणाला बोलावणं नाही, कुणाचे उपकार नाहीत.

म्हणूनच नाताळच्या जेवणाला निल्डानं बोलायचा धीर केला होता. आयाकूचो गावात तिच्या मैत्रिणीचं, ओल्गाचं, लोकरीचं दुकान होतं, मागे एक खोली होती, समोरच्या रस्त्यावर दिवे होते. ओल्गाला आता गल्ल्यावर बसणारं माणूस हवं होतं. ती या हिवाळ्यापर्यंत थांबणार होती, नंतर भाचीला बोलावणार. “तू फक्त म्हाताऱ्या गायी जपून ठेव,” निल्डानं भावाला समजावलं होतं. “त्यांना कुणाची गरज लागत नाही. तू आणि काचो सहज निभावाल.” अन्सेल्मोनं सगळं ऐकून घेतलं, “बघू” म्हणाला आणि अक्रोड फोडत राहिला. त्यानंतर त्या घरात ओल्गाचं नाव निघालं नाही. जेवताना मीठ मागण्यापलीकडे फारसं काहीच निघालं नाही.

डॉक्टरनं तुंबा घेतला आणि कुंपणाला टेकला.

“अरे अन्सेल्मो, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तू गाडीत घालतोयस त्या सगळ्या गाभण आहेत. एकही रिकामी नाही.”

“दात गेले त्यांचे.”

“या बायांनी तुला आयुष्यात कधी तोंडघशी पाडलं नाही. मागल्या पुरात टेकाड कुणी शोधलं? कळप कुणाच्या मागून चालत गेला? तू तर घराच्या छपरावर बसून मला फोन करत होतास.”

काचो खो खो हसला.

“हस तू,” अन्सेल्मो म्हणाला. “तू झाडावर होतास.”

“बरं, यांच्या जागी आणणार काय?” डॉक्टरनं विचारलं.

“कालवडी. घरच्याच. चाळीस ठेवल्यात.”

“चाळीस पहिलारू!” डॉक्टर नळीतून घोट घेता घेता थांबला. “पहिल्या वासरापर्यंत नुसत्या खातील आणि दुसऱ्या खेपेला निम्म्या रिकाम्या राहतील. आणि व्यायच्या वेळी रात्रंदिवस त्यांच्यामागे कोण...”

त्याचं वाक्य तिथेच राहिलं. त्यानं निल्डाकडे पाहिलं, मग तुंब्यात पाहिलं, आणि पाणी संपलेलं असूनही नळी ओढत राहिला. काचोला एकाएकी कुत्र्याच्या कानात गोचीड दिसली.

“पुढची,” अन्सेल्मो म्हणाला.

पुढची आपणहून आली. तिला काचोच्या काठीची गरज पडली नाही. निल्डा मनातल्या मनात तिला हेडबाई म्हणायची. फाटक उघडलं की आधी ही थांबणार, सगळीकडे पाहून घेणार, आणि हिनं पाऊल टाकलं की मागचा वर्ग रांगेत निघणार. आताही तिनं मान स्वतःच पट्ट्यांत घातली आणि एकदाचं उरका अशा चेहऱ्यानं उभी राहिली.

“गाभण,” डॉक्टर म्हणाला. एवढंच.

अन्सेल्मोनं ओठ धरला, सोडला.

“झिजलेली. काप.”

निल्डानं शेपटी धरली. कात्री उघडली. मग शेपटी सोडून ती खोडा आणि कुंपणाच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून अंग चोरत पुढे गेली. अन्सेल्मो काही म्हणायच्या आत तिनं अंगठा हेडबाईच्या तोंडात घातला आणि ओठ खाली ओढला.

दात आखूड होते. पण आठच्या आठ होते, उभे, एकमेकांना चिकटून. बोटानं हलवून पाहिले, जागचे हलले नाहीत.

तिनं मान वळवली. बाजूच्या वाड्यात सकाळपासूनच्या गायी शांतपणे रवंथ करत होत्या. एकेकीची आखूड, बोथट शेपटी माश्यांवर फिरत होती आणि माश्यांना काही लागत नव्हती. झुपके तिनंच कापले होते. तो म्हणाला की कापायचं, इतकी साधी गोष्ट होती ती. आत्तापर्यंत.

“काप, निल्डा. ट्रकवाला उद्या सकाळी येतोय.”

“हिचे दात बघितले मी. आणखी तीन वेतं आरामात देईल ही.”

“या उजेडात नीट दिसत नाही.”

ऊन डोक्यावर आलं होतं. टोपी न घातलेल्या काचोनं डोळे बारीक केले.

“सकाळपासूनच्यांचे पण असेच होते?” तिनं विचारलं.

अन्सेल्मोनं ओला अंगठा विजारीला पुसला. मग पुन्हा पुसला.

“चाळीस पहिलारूंना मी किती वर्षं पुरायची, अन्सेल्मो? यंदा माज धरला की पुढचा वसंत त्यांचा. मग त्याच्या पुढचा. ओल्गा इतकी थांबणार नाही.”

“ओल्गानं लोकर विकावी.”

“ओल्गाचं सोड.” तिनं कात्री खोड्याच्या आडव्या लाकडावर ठेवली, पात्यांची टोकं आपल्याकडे करून. “हिची शेपटी का कापायची ते सांग. दातांचं नको सांगू.”

डॉक्टर बादलीत हात धूत होता. हात कधीच स्वच्छ झाला होता, तरी धूत होता. गल्लीत अडकलेल्या मागच्या गायी एकमेकींना रेटू लागल्या, पण काचो काठी घेऊन उठला नाही.

अन्सेल्मोनं हेडबाईच्या कपाळावर हात ठेवला. तिच्या भोवऱ्यावरचे केस त्यानं उलटे केले, मग सुलटे केले. निल्डाकडे त्याचं तोंड नव्हतं. बोलला तेव्हा आवाज इतका खाली होता, की त्यानं गायीलाच काही सांगितलं असावं असं वाटलं.

“या राहिल्या,” तो म्हणाला, “तर तू जाशील.”