आधी पातेली, मग लेख

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची पातेली आहे. बूड काळं, एक कान कधीच निखळलेला. पण माझा तोरा विचाराल तर नव्या कुकरलाही नाही! अहो, माझे फोटो हजारो लोकांनी पाहिले आहेत.

कारखान्यात एका सपाट पत्र्यावर यंत्राचा दाब बसला आणि माझा जन्म झाला. ताईच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या, आईने दुकानात टिचकी मारून मला पसंत केलं. लेक वेगळं घर करायला निघाली, तेव्हा तिच्या सामानात मला घातलं. ताई इंटरनेटवर लिहायची. विज्ञान, नवी यंत्रं, सिनेमा, गाणी, घरातल्या युक्त्या, तिला कशाचंच वावडं नव्हतं. लिहिण्याच्या नादात ती दूध विसरायची आणि करपायचे मी. मग डाग घालवायचे नाना उपाय ती माझ्यावर करून बघायची आणि जो लागू पडेल तोच लिहायची, सोबत माझा फोटो. पुढे तो नियमच झाला: आधी पातेली, मग लेख.

काय काय नाही सोसलं मी! मिठाचं पाणी लवकर उकळतं का, हे पाहायला मला दुपारभर शेगडीवर बसवलं. भिजलेला फोन तांदळात ठेवला की सुधारतो म्हणे. म्हणून माझ्यात तांदूळ भरून फोन पुरला. तो काही उठला नाही. ताईने तसंच लिहून टाकलं. एकदा गाणं लावून फोन माझ्यात उभा केला, तर आवाज असा घुमला की शेजारच्या काकू दार वाजवत आल्या. "अगं, लग्नबिग्न आहे की काय तुमच्याकडे?"

पुढे वाचक वाढले, तशी घाईही वाढली. रोज नवा लेख हवा! ताई इकडचं तिकडचं वाचून लिहू लागली. मी कपाटात झाकणांच्या ढिगाखाली गेले. फार वाईट वाटायचं हो मला.

एका संध्याकाळी भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, तिचा ताजा लेख मोठ्याने वाचत होते. दोन क्लीनर एकत्र करा, बाथरूम लख्ख होईल, असं त्यात होतं. "चला, आज मीच घासतो," म्हणत त्यांनी सिंकखालच्या बाटल्या काढल्या आणि थबकले.

"अगं, यावर तर लिहिलंय, दुसऱ्या कशात मिसळू नका, विषारी वायू होतो. तू खात्री केली होतीस ना?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, माझी आई!"

आई दुसऱ्या गावात एकटीच राहायची. लेकीने काही लिहिलं की तिकडे लगेच घासाघाशी सुरू. त्यात तिला दमा. ताईने लेख काढून टाकला आणि फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. कपाटाचं दार उघडंच होतं. ती पुन्हा पुन्हा नंबर लावताना मला दिसत होती. मी तर देवाचा धावा करत होते.

शेवटी आवाज आला. "काय गं? गच्चीवरचे वाळलेले कपडे काढत होते."

"आई, ते बाथरूमचं केलंस का तू?"

"नाही बाई. बाटल्या काढल्या होत्या बाहेर. पण लेखात आपली पातेली कुठे दिसेना. म्हटलं, पोरीने करून पाहिलेलं दिसत नाही. राहू दे."

ताई मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. "सासूबाई, धन्य आहात!" भाऊजी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले. मला तर इतकं हायसं वाटलं की काय सांगू!

मग ताईने झाकणं बाजूला सारून मला बाहेर काढलं, पदराने पुसावं तसं ओढणीने पुसलं आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवलं. तिने लगेच लिहिलं, 'माझा आजचा सल्ला चुकीचा होता. कृपया कोणीही तसं करू नका.' खाली माझा फोटो होता, काळ्या बुडासकट.

मित्रांनो, उद्या तुम्हीही इंटरनेटवर लिहाल. खुशाल लिहा. फक्त ज्याची खात्री केली नाही, ते ठासून सांगू नका. आणि घरातल्या जुन्या पातेलीला मोडीत काढू नका. कुठेतरी कोणाची तरी आई बाटल्या बाहेर काढून तुमचा लेख वाचत असते.