बेबीच्या पाच भाषा

रुग्णालयातल्या क्ष-किरण विभागाच्या खिडकीवर रुग्णाचं नाव, वय आणि डावं-उजवं लिहिणाऱ्या एका बाईला घरी आणखी एक काम होतं. इंटरनेटवरच्या एका मोठ्या डिरेक्टरीचं ‘भाषांतरकार’ हे पान ती सहा वर्षं सांभाळत होती. लोक आपली वेबसाइट पाठवायचे. ती उघडून बघायची, खरं-खोटं तपासायची, दोन ओळींचं वर्णन लिहून यादीत घालायची किंवा परत पाठवायची. हे सगळं फुकट. सकाळी दूध उतू जात असतानाही ती यादीत किती नवीन आलं ते बघत उभी असायची. नवरा म्हणायचा की हिच्या पायाला नाही, बोटांना भिंगरी आहे.

एका रविवारी सकाळी त्या यादीत तिच्या नणंदेची वेबसाइट आली.

नणंद चाळिशी ओलांडलेली, पण घरात अजून बेबीच. नोकरीची कचेरी बंद पडल्यावर तिने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत भाषांतराचं काम सुरू केलं होतं. वेबसाइट देखणी होती. पाच भाषा, वैद्यकीय कागदपत्रांसह. बेबीला भाषा येत होत्या दोन. हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

नात्यातल्या माणसाची साइट आपण तपासायची नाही, असा नियम होता. तिने ती दुसऱ्या संपादकाकडे सरकवली. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं. तो ‘घुबड’ या नावाने वावरायचा आणि चोख काम करायचा. पण भाषा येते की नाही, हे घुबडाला तरी कुठून कळणार? संध्याकाळपर्यंत बेबी यादीत होती, पाचही भाषांसकट.

सुटले म्हणावं, तर जीव थाऱ्यावर येईना. भाजी चिरताना उठून ती पान उघडायची, वाचायची, बंद करायची. नवऱ्याने विचारलं तेव्हा काही नाही म्हणाली. बुधवारी तिने एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या एक्स-रेच्या पाकिटावर उजव्या गुडघ्याऐवजी डावा गुडघा लिहिला. तंत्रज्ञाने वेळीच पाहिलं आणि हसत पाकीट परत दिलं. तिला हसू आलं नाही. तिने नवीन पाकीट केलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट बेबीचं घर गाठलं.

बेबीने चहा ठेवला. वहिनीने बसायच्या आतच विषय काढला. बेबीने काही लपवलं नाही. उरलेल्या तीन भाषा ती संगणकाकडून करून घ्यायची आणि मग वाक्यं नीट लावायची. सगळेच करतात, म्हणाली. शिवाय कोण बघायला बसलंय?

“मी बसलेय,” वहिनी म्हणाली. “सहा वर्षं तेवढंच करतेय.”

टेबलावर एका आजारी बाईचा दवाखान्यातून मिळालेला कागद होता, त्या तीनपैकी एका भाषेतला. वहिनीने तो उचलला आणि पहिली ओळ वाचून दाखवायला सांगितली. बेबीने कागद हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग गॅस बंद करायला आत गेली.

आतूनच म्हणाली, “तू पास केलं नाहीस ना? मग तुझ्यावर काही येत नाही. गप्प बस की.”

चहा न घेताच वहिनी परतली. घरी येऊन कपडेही न बदलता तिने घुबडाला लिहिलं: ही माझी नणंद आहे, मला फक्त दोन भाषांची खात्री आहे, कृपया पुन्हा तपासा. पाठवून झाल्यावर खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. नवरा आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. शेवटी एवढंच म्हणाला की तुझं बरोबर आहे, पण ती माझी बहीण आहे, मला दोन दिवस या विषयावर बोलायला लावू नकोस.

घुबडाने बेबीला प्रश्न विचारले. उत्तर आलं नाही, तेव्हा नाव काढलं. बेबीने फोन करणं बंद केलं. तीन आठवडे वहिनी कामावरून आली की आधी फोन बघायची, मग यादी, मग पुन्हा फोन. एकदा तर बेबीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली.

चौथ्या आठवड्यात साइट पुन्हा आली. भाषा दोन; वैद्यकीय कागदांचा उल्लेख गेला होता. तिने एक शब्दही न जोडता ती पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“तुमच्या त्या घुबडाने माझ्या वर्णनात ‘अनुभवी’चा ‘नु’ दीर्घ केलाय,” बेबी म्हणाली. आवाज कोरडाच होता. “दुरुस्त कर.”

“मला हात लावता येत नाही, बेबी. नियम आहे.”

“मग त्याला सांग.” पुढे तीच म्हणाली, “त्या आजारी बाईंचा कागद मी नाही केला. तुझ्या यादीतल्या तिसऱ्या नावाला फोन केला. त्या भाषांतरकार बाईंनी नीट करून दिला. मी शेजारी बसून बघत होते, एक औषध मी उलटंच लिहिलं असतं.”

 वहिनीने रविवारी येतेस का म्हणून विचारायच्या ऐवजी, आम्ही रविवारी येतो, असं सांगितलं.

“या,” बेबी म्हणाली. “पण लॅपटॉप घरी ठेव.”