अकरा फरश्या

उद्धवरावांनी तराजूच्या एका पारड्यात पंधरा दिवसांची पोरगी ठेवली आणि दुसऱ्यात अडीच किलोची वजनं. पोरगी वर गेली. त्यांनी पावशेर काढला, तरी पोरगी वरच.

"मागल्या आठवड्यात पावणेतीन भरली होती," उद्धवराव म्हणाले. हे धनराजचे चुलते. मुडबीतलं किराणा दुकान त्यांचंच. "तराजू खोटा न्हाई बरं का."

धनराजनं लेकीला उचलून छातीशी धरलं. आदल्या दिवशीच तो हैद्राबादहून उतरला होता. पोरीचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगला होता आणि आत टाळूच नव्हती. पाजलेलं दूध नाकातून बाहेर यायचं. भुकेनं रडायचं आणि रडून दमायचं, एवढीच दोन कामं ती पंधरा दिवस करत होती, आणि आता पहिलंही तिनं कमी केलं होतं.

"गिराणात कुणी काय कापलं, ते आधी कळाया पाहिजे," उद्धवराव म्हणाले.

चौकशी पूर्वीच सुरू झाली होती. ऑगस्टातल्या ग्रहणाच्या दिवशी श्रीदेवीनं, म्हणजे धनराजच्या बायकोनं, काहीच कापलं नव्हतं. सासू चंद्रभागाबाई स्वतः दारात पहाऱ्याला बसली होती. विळी, सुई, अडकित्ता, सगळं पेटीत. सून खोलीत हातपाय सरळ करून पडलेली. माहेरी आई नसल्यानं बाळंतपणही सासरीच झालं, म्हणजे सगळा पुरावा घरातच.

"मी कापलंय," धनराज म्हणाला.

साखरेला आलेलं गिऱ्हाईक बाकड्यावर बसलं.

"अकरा फरश्या. ग्रॅनाइटच्या. ठेकेदारानं सुट्टी दिली न्हाई."

बाईनं कापलं तर ओठ फाटतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. बापानं कापलं तर काय, याचा मुडबीत दाखला नव्हता. शिवाय हैद्राबाद इथून दोनशे किलोमीटर. दोष तेवढ्या लांब पोचतो का, यावर मतं पडली.

"एसटीडी पोचतंय," गिऱ्हाईक म्हणालं. "मग दोष कामून पोचंना?"

धनराज घरी आला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि उजव्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो हात शेजाऱ्याचा असावा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिघं पोरीला घेऊन गुलबर्ग्याच्या दवाखान्यात गेले. चंद्रभागाबाई येते म्हणाली तेव्हा धनराजला नवल वाटलं. पोर जन्मल्यापासून तिनं नातीला बोट लावलं नव्हतं. श्रीदेवी सासूकडे पाठ करून पाजायची. बसमध्येही म्हातारी चार सीट मागं बसली, मांडीवर पिशवी धरून.

डॉक्टरीण बाई सोलापूरच्या निघाल्या, त्यामुळे धनराजला गुन्हा कबूल करताना कानडी शोधावी लागली नाही. त्यानं अकराही फरश्या सांगितल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ग्रहण ऑगस्टात. तेव्हा हिला सहावा महिना. बाळाचं तोंड तिसऱ्या महिन्यातच बनून होतं. तुम्ही फरशी कापायला उशीर केलात."

"मग कापलं कुणी?"

"कुणी नाही. तुम्ही फरशीवाले, तुम्हाला कळेल. टाळू म्हणजे दोन फरश्या. आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात. मग जीभ खाली सरकते, त्या आडव्या होतात आणि मधोमध जुळतात. ओठाचं काम त्याच्याही आधी. कुणी केव्हा हलायचं ते गुणसूत्रांत लिहिलेलं असतं. आईबापाकडून येतं, त्यांच्या आईबापाकडून येतं. कधी एखादी ओळ वाचायची राहते. कशानं राहते, ते दर वेळी सांगता येत नाही."

"मिस्त्रीला सांगता येत न्हाई का, परत कर म्हणून?"

"मिस्त्री तिथं थांबत नाही. पुढचं आम्ही करतो. ओठ तीन महिन्यांनी शिवू, टाळू वर्षाच्या सुमाराला. पण पोरगी तिथवर यायला पाहिजे. अशी उतरत गेली तर आठवडा काढणार नाही."

पंधरवडाभर शोधलेला दोष कालच हाती लागला होता, आणि आज तोही काढून घेतल्यावर हात कुठं ठेवावेत ते धनराजला कळेना.

"घरात आणखी कुणाला असं—"

"न्हाई," चंद्रभागाबाई दारातून म्हणाली. प्रश्न अजून संपायचा होता. "आमच्यात न्हाई."

नर्सनं वाटीत आईचं दूध काढून घेतलं आणि चमचा पोरीच्या तोंडात ओतला. दूध नाकातून आलं. पोरगी खोकली, मग खोकायचीही थांबली. ओठांचा रंग जांभळा होत गेला. नर्सनं तिला पालथी करून पाठीवर थोपटलं तेव्हा कुठं बारीक आवाज फुटला. श्रीदेवीनं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज उतरला होता.

चंद्रभागाबाईनं पिशवी खाली ठेवली. नळावर हात धुतले, लुगड्याला पुसले आणि नर्सच्या हातातून पोरगी घेतली, न विचारता.

तिनं तिला आडवी धरली नाही. मांडीवर ताठ बसवली, मान पंज्यात पेलली. चमच्यात चारच थेंब. चमचा जिभेवर नाही, गालाच्या आतल्या अंगाला टेकवला आणि थांबली. मग करंगळीनं गळ्याखाली हळूच वरून खाली रेघ ओढली. घोट उतरला. नाक कोरडं राहिलं. पुन्हा चार थेंब, पुन्हा रेघ.

म्हातारी घाई करत नव्हती आणि चुकतही नव्हती.

"आज्जी," बाई म्हणाल्या, "हे कुठं शिकलात?"

चंद्रभागाबाईनं वर पाहिलं नाही.

"सतराव्या दिशी निवांत झोपायलंय वाटतंय लेकरू," ती श्रीदेवीला म्हणाली. "आपुन बी दमलेलो असताव. डोळा लागतोय. ते झोपू द्यायचं न्हाई, पोरी. चिमटा घ्यायचा, पाय चोळायचे, रडवायचं. पर झोपू द्यायचं न्हाई."

पोरीचा आज सोळावा दिवस होता. श्रीदेवी उठली आणि सासूला टेकून बसली.

धनराज आईच्या बोटांकडे बघत होता. घरात असं कुणाला पाजताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं; म्हणजे त्याच्या जन्माच्या आधीपासून त्या बोटांना हे येत होतं.

"आई," तो म्हणाला, "थोरला मीच ना गं?"

चंद्रभागाबाई पुढचा घोट उतरायची वाट बघत होती. तो उतरला.

"वाटी धर," ती म्हणाली. "वाकडी करू नगंस."